जावईबापूंचं हिप-हॉप

विश्वंभरराव कदम हे सासुरवाडीत शोभून दिसणारे जावई होते. म्हणजे ते बसायचे छान. राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याची डावीकडची कड ही त्यांची ठरलेली जागा. तिथे बसायचं, पुढ्यात येईल ते खायचं, 'नको नको' म्हणत आणखी एकदा खायचं आणि सासऱ्यांनी "कसं काय, पावणं?" असं विचारलं की "बरं आहे" म्हणायचं. एवढ्या भांडवलावर वीस-बावीस वर्षं सुखात गेली होती. लातूरला ते एका सरकारी कचेरीत वरिष्ठ सहाय्यक होते. तिथेही साधारण हेच काम होतं. फक्त तिथे ते खात नसत, हे त्यांचे शत्रूसुद्धा मान्य करत.

या खेपेला ते आले होते सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या पंचाहत्तरीला. कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी सकाळी दाढीचं ब्लेड आणायला ते खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या फ्लेक्ससमोर त्यांचे पाय थबकले. कोल्हापुरात फ्लेक्ससमोर सहसा कुणाचे पाय थबकत नाहीत. एका दादांचा वाढदिवस उतरवेपर्यंत दुसऱ्या दादांचा वर चढतो, माणूस किती वेळा थबकणार? पण या फ्लेक्सवर वाढदिवस नव्हता. काळे गॉगल लावलेले दोन जाडजूड गृहस्थ छातीवर हात बांधून उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलं होतं : 'दणका पुन्हा! पंचवीस वर्षांनी, त्याच ठेक्यात! मराठी हिप-हॉपचे बाप, एमसी ठसका आणि डीजे भुंगा. शनिवारी दुपारी चार वाजता.'

विश्वंभरराव ब्लेड न घेताच परत आले.

आता हे लातुरात कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं; पण कॉलेजच्या हॉस्टेलात विश्वंभररावांकडे या 'दणका'ची कॅसेट होती. ती इतकी घासली होती की शेवटी शेवटी ठसका कुठला आणि भुंगा कुठला हे ओळखू येत नसे. दोघांचा मिळून एकच खोकला ऐकू यायचा. पण कडवं न् कडवं त्यांना पाठ होतं, आणि अजूनही ते म्हणत. बाथरूममध्ये, नळ सोडून.

त्यांनी गुपचूप बायकोला गाठलं. संयोगिता ही लातुरात 'मी येते, मी जाते' असं नीट बोलणारी बाई. कोल्हापूरच्या हद्दीत गाडी शिरली की तिची 'मी येतो, मी जातो' अशी भाषा सुरू व्हायची आणि विश्वंभररावांना दर वेळी आपण मेहुण्याशी बोलतोय असं वाटायचं.

"जायाचं तर जावा की," ती म्हणाली. "मी काय येत न्हाई, मी उद्या आचाऱ्याकडं जातो. पण एक सांगतो, घरात बोलू नका. आमच्या गल्लीला कळलं की कार्यक्रम तुमचा राहात न्हाई."

हा सल्ला सोन्यासारखा होता. विश्वंभररावांनी तो दुपारच्या जेवणापर्यंत पाळला.

"जावयबापू, उद्या दुपारच्याला कटाची आमटी टाकू का?" सासूबाईंनी, विठाबाईंनी, ताटात भाकरी टाकत विचारलं.

"उद्या दुपारी मी जरा बाहेर जाईन म्हणतो."

"कुठं?"

इथे 'मित्राकडे' म्हणून भागलं असतं. पण सरकारी नोकराला तोंडी खोटी माहिती देण्याची सवय नसते. तो फार तर 'माहिती उपलब्ध नाही' म्हणतो. विश्वंभररावांच्या तोंडून निघून गेलं, "हिप-हॉपला."

विठाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. वरच्या मजल्यावरच्या धोंडुबाईंचं खुब्याचं हाड मागच्या दिवाळीत बदललं होतं. त्या ऑपरेशनाने अख्ख्या बिल्डिंगला इंग्रजीतला एक शब्द कायमचा शिकवून ठेवला होता.

"अगं बया! कवाधरनं दुखतंय?"

"काय?"

"हिप!"

"नाही हो. हिप-हॉप. ते गाण्याचं असतं."

"धोंडुबाईचं आदी असंच हुतं. पयल्यांदा नुसतं गुणगुणत हुत्या, मग वरडायला लागल्या."

विश्वंभररावांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला. पण सासुरवाडीत जावयाची समजूत घालायची असते, त्याने घालायची नसते. जेवणाचे हात धुईपर्यंत बातमी जिन्याने खाली उतरली होती. चहाच्या सुमाराला खालच्या मजल्यावरचे हंबीरराव वर आले. हे निवृत्त पीटी मास्तर. त्यांनी कुणाला नमस्कार केला तरी तो 'सावधान'सारखा वाटायचा.

"पावणं, उभं ऱ्हावा," ते म्हणाले. विश्वंभरराव उभे राहिले. "चालून दावा." चालून दाखवलं. हंबीररावांनी मान हलवली. "सकाळी तुमास्नी जिना उतरताना बघितलं मी, तवाच शंका आलती. डावा पाय आदी टाकतासा."

"कधीतरी डावा, कधीतरी उजवा टाकत असेन."

"न्हाई. धडधाकट माणूस उजवाच टाकतो."

याचा परिणाम असा झाला की त्यानंतर विश्वंभररावांना एकही पायरी सरळ उतरता येईना. कुठला पाय टाकायचा याचा विचार करत ते जिन्यात उभे राहू लागले आणि बघणाऱ्याची खात्री पटू लागली. तिन्हीसांजेपर्यंत निरगुडीचा पाला आला, दोन जातींचं तेल आलं, राजारामपुरीतल्या निम्म्या डॉक्टरांची नावं आली. तानाबाई नावाच्या शेजारणीने हुपरीकडच्या एका हाडवैद्याची महती सांगितली. तो म्हणे पैंजणाच्या कड्या जुळवाव्यात तशी हाडं जुळवतो. सासूसमोर पालथं पडायला विश्वंभररावांनी ठाम नकार दिल्यामुळे तेल चोळायचं काम हंबीररावांनी केलं. त्या चोळण्याआधी विश्वंभररावांची कंबर अजिबात दुखत नव्हती, हे इथे नमूद केलं पाहिजे.

तशाही अवस्थेत ते संध्याकाळी निसटले आणि रिक्षाने शाहूपुरीत गेले. मोबाइलवर तिकीट मिळत नव्हतं. कार्यक्रम मोफत आहे, पास मंडळाच्या कचेरीत मिळतील, असं तिथे लिहिलं होतं. मंडळाचं नाव होतं 'युवा झंकार'. कचेरी एका पेंडीच्या दुकानावरच्या माडीत होती. आत सम्राट नावाचा एक तरुण सेक्रेटरी कपाळावर गॉगल चढवून बसला होता. गॉगल डोळ्यांवर कधी येतो हे तिथे काही कळलं नाही.

"पास पाहिजे होता. एक."

सम्राटने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय?"

"अठ्ठेचाळीस."

"मग न्हाई." आणि तो पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला.

"नाही म्हणजे?"

"युवा महोत्सव हाय, काका. पस्तिशीच्या आतल्यांना पास. आन् साठीच्या वरच्यांना ज्येष्ठ म्हणून पुढच्या खुर्च्या. तुमी ह्यातबी न्हाईसा आन् त्यातबी न्हाईसा."

"पण मधल्यांचं काय?"

सम्राटने थोडा विचार केला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता असं नाही. पण विचार त्याने आत्ताच केला असावा. "मधल्यांचं काय करायचं ते आमाला कुणी सांगितल्यालं न्हाई."

विश्वंभररावांच्या कपाळाची शीर उडू लागली. हीच वाक्यं ते स्वतः लातुरात टेबलाच्या त्या बाजूने रोज बोलत असत. या बाजूने ती कशी ऐकू येतात याची त्यांना कल्पना नव्हती. "अहो, पंचवीस वर्षांपूर्वीचं गाणं आहे. ते ऐकलेला माणूस पस्तिशीच्या आत कसा असेल? त्या वेळी ज्यांनी ऐकलं ते सगळे आज मधलेच असणार ना!"

"ते बरोबर हाय," सम्राट म्हणाला. "पर नियम नियमाच्या जागी हाय."

विश्वंभरराव जागचे हलले नाहीत. लोक आपल्या टेबलापुढून जसे हलत नाहीत, तसे ते उभे राहिले. याचा त्रास किती होतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अखेर सम्राट वैतागला. "हे बघा, ज्येष्ठांबरोबर एक मदतनीस आत सोडतो. मदतनिसाला वयाची अट न्हाई. एकादा म्हातारा घेऊन या आन् जावा आत."

ज्येष्ठ नागरिक ही एरवी पावलोपावली भेटणारी माणसं. बागेत बाकावर तीच, बँकेच्या रांगेत तीच. पण विश्वंभररावांना गरज पडली आणि कोल्हापुरातून ती नाहीशी झाली. हंबीरराव म्हणाले, "मी पीटी मास्तर हाय. बेशिस्त हालचाली मला बघवत न्हाईत." धोंडुबाईंनी तर 'हिपच्या कार्यक्रमाला जाऊन मला पुन्हा हिपचं नाव काढायचं न्हाई' म्हणून दारच लावून घेतलं. विश्वंभरराव सोफ्याच्या डाव्या कडेला येऊन बसले आणि त्यांना आयुष्यात प्रथमच त्या जागेचा राग आला.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. "मी हाय की ज्येष्ठ."

आण्णा होते. या माणसाने हयात दूध संस्थेत आणि कुस्तीच्या मैदानात घालवली होती. मिशा अजून तशाच होत्या. महिन्यापूर्वी ते स्कूटरवरून पडले, फारसं लागलं नाही. पण घरच्यांनी किल्ली काढून घेतली आणि तेव्हापासून जो तो त्यांना 'आण्णा, बसा' म्हणू लागला. उठले की बसा. पाणी घ्यायला गेले की बसा. रविवारचा कार्यक्रमही असा होता, की त्यांना एका मोठ्या खुर्चीत बसवायचं आणि सगळ्यांनी त्यांच्याभोवती उभं राहायचं.

"आण्णा, तुम्हाला नाही आवडायचं," विश्वंभरराव अवघडून म्हणाले. "नुसते मोठमोठ्याने बोलतात हो तिथे."

"मग हितं काय करत्यात?" आण्णा म्हणाले. "कसला कार्यक्रम हाय त्ये मला सांगू नका. घराबाहिर हाय न्हवं? मग झालं."

शनिवारी दुपारी मात्र विठाबाईंनी खिंड अडवली. दोन अपंग माणसं एकट्याने बाहेर सोडायची त्यांची तयारी नव्हती. बराच वेळ तंटा होऊन तोडगा निघाला : धोंडुबाईंची चाकाची खुर्ची बरोबर न्यायची. आणि ती नुसती न्यायची नाही, तर रिक्षापर्यंत जावयाने तीत बसून जायचं.

"मी बसणार नाही," विश्वंभरराव म्हणाले.

"तर मग कुणीच जायाचं न्हाई," विठाबाई म्हणाल्या.

अब्रू ही माणसाची मोठी ठेव असते, पण ठसका आणि भुंगा पंचवीस वर्षांतून एकदाच येतात. विश्वंभरराव खुर्चीत बसले. हंबीररावांनी ती गल्लीतून ढकलत नेली, आणि 'सावकास! सावकास! पावण्याचं हिप हाय!' असं दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडत नेली. लोक हळहळले. एका क्लासमधून बाहेर पडणाऱ्या पोरांनी आपणहून वाट करून दिली. विश्वंभररावांनी डोळे मिटून घेतले. ते पाहून एक बाई दुसरीला म्हणाली, "कळ यायला लागली वाटतं."

नाक्यावरची रिक्षा गौस नावाच्या माणसाची होती. दाढीत पांढरे केस, गळ्यात रुमाल. त्याने खुर्ची घडी करून मागे बांधली, आणि कुठे जायचं हे ऐकल्यावर करकचून ब्रेक लावला. गाडी अजून सुरूही झाली नव्हती, पण त्याने लावला.

"दणका? तुमी दणकाला चाललासा?" त्याने मागे वळून विश्वंभररावांकडे असं पाहिलं, जणू मेळ्यात हरवलेला भाऊच सापडला असावा. मग तो हलक्या आवाजात म्हणाला :

"एसटीचा पास, उभ्यानं प्रवास..."

विश्वंभररावांच्या तोंडून आपसूक निघालं, "दोनदा नापास, तरी मोडला न्हाई ध्यास!"

"आरं तिच्या मारी!" गौसने हँडलवर थाप मारली. "मीबी गेलतो पास मागाय. म्हनला, तुमचं वय बसत न्हाई."

आण्णा आतापर्यंत रस्त्याची रहदारी मन लावून बघत होते. ते म्हणाले, "घरात आई हाय का तुझी?"

"हाय की. बसलीया."

"बसलीया न्हवं? मग उठीव."

वाटेत रिक्षा एका बोळात वळली आणि गौसची आई रशिदाबी बाहेर आल्या. हातात जपमाळ, पायात मोजे. "कव्वाली हाय का रे?" त्यांनी विचारलं. "तसलंच हाय, अम्मी," असं गौस म्हणाला. हॉलच्या दाराशी चाकाची खुर्ची उघडल्यावर त्या कुणाला काही न विचारता तीत बसल्या आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून म्हणाल्या, "चला." त्या खुर्चीत माणसाने कसं बसावं हे विश्वंभररावांना तेव्हा समजलं.

गेटवर आण्णांना आणि रशिदाबींना गुलाबाचं एकेक फूल मिळालं. विश्वंभररावांच्या आणि गौसच्या शर्टाला एकेक पिवळा बिल्ला लावण्यात आला. त्यावर लिहिलं होतं 'मदतनीस'.

आत गेल्यावर विश्वंभररावांनी पाहिलं आणि ते चाटच पडले. पुढच्या रांगांत म्हातारी माणसं बसली होती आणि त्यांच्यामागे भिंतीला लागून पिवळ्या बिल्ल्यांची झुंबड उडाली होती. सगळे पंचेचाळीस-पन्नाशीचे. टक्कल पडलेले, चष्मेवाले, पोट सुटलेले. एक बँकेतले साहेब शेजारच्या आजोबांना घेऊन आले होते. एका डॉक्टराने आपला पेशंटच आणला होता. पेशंटच्या हातावर अजून सुईची पट्टी होती. एक बाई तर एका अनोळखी आजींचा हात घट्ट धरून उभी होती आणि आजी दर पाच मिनिटांनी तिला विचारत होत्या, "तू कुणाची गं?" कुणीच काही बोलत नव्हतं. पण सगळ्यांचे ओठ हलत होते आणि विश्वंभररावांना ते कडवं ओळखू येत होतं. मागच्या बाजूला पस्तिशीच्या आतले युवा होते. जे होते ते. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे दीपप्रज्वलन सुरू झालं. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत दुय्यम पाहुणे बोलले. प्रमुख पाहुणे आले आणि तेही बोलले. त्यांनी युवकांना व्यायामाचं महत्त्व सांगितलं. मग मंडळाने पाहुण्यांचा सत्कार केला, पाहुण्यांनी मंडळाचा केला, मग कुणीतरी राहिलं म्हणून त्याचा केला. आण्णा दोनदा म्हणाले, "नुसतं बोलत्यात म्हनलासा ते खरं हाय." ठसका आणि भुंगा स्टेजच्या कडेला गॉगल लावून उभे होते. भुंग्याला शेवटी कुणीतरी स्टूल दिलं.

सहा वाजून गेल्यावर त्यांच्या हातात माइक आला.

खरं सांगायचं तर ते पूर्वीचे राहिले नव्हते. ठसका दुसऱ्याच ओळीला धापा टाकू लागला. भुंग्याने गॉगल काढून वाचायचा चष्मा लावला. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या, "काका, दमानं!" असंही कुणी ओरडलं. पण तिसऱ्या गाण्याला काहीतरी झालं. कंबर सैल झाली म्हणा, जुनं रक्त जागं झालं म्हणा. ठसक्याने एक पाय आपटला, भुंग्याने चष्मा फेकून दिला, आणि ती पहिली ओळ अशी सुटली की विश्वंभररावांच्या अंगावर काटा आला. हॉस्टेलची खोली, ओले कपडे, परीक्षेची भीती, सगळं एका दमात समोर आलं.

आणि माइक बंद पडला.

सम्राट स्टेजवर आला होता. "सात वाजत आले, मित्रांनो. हॉल पुढं रिसेप्शनला दिलाय. मंडपवाले थांबल्यात. कार्यक्रम संपला असं मी जाहीर करतो. राष्ट्रगीताला उभं ऱ्हावा."

ठसक्याने माइक खाली ठेवला आणि रुमालाने तोंड पुसलं. आयुष्यभर असं कुणी ना कुणी त्याचा माइक बंद करत आलं असावं, अशा सवयीने पुसलं. ते विश्वंभररावांना बघवलं नाही.

राष्ट्रगीत होईपर्यंत ते सावधान उभे राहिले. त्याबाबतीत त्यांच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. 'जय हे' संपलं, आणि त्यांनी भिंत सोडली. ते दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आले. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, ही त्यातली भयंकर गोष्ट होती. नळ चालू नव्हता, दार बंद नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"बापाचा धाक! सरांची हाक! साहेबाचा शिक्का!"

सगळा हॉल वळून बघू लागला. पुढची ओळ गौसने उचलली, "ऊठ म्हणाल तर बसणार आन् बस म्हणाल तर..."

"दणका!" बँकेचे साहेब ओरडले. डॉक्टर ओरडला. अनोळखी आजींचा हात धरलेली बाई सगळ्यांत जोरात ओरडली. पिवळे बिल्ले भिंत सोडून पुढे आले. माइक नव्हता, स्पीकर नव्हता. पन्नास-साठ बेसूर घसे होते आणि त्यांना एकही शब्द वाचावा लागत नव्हता. ठसका स्टेजवर तसाच उभा राहिला. मग तो खाली उतरला आणि त्यांच्यात येऊन म्हणू लागला.

"ह्यो ठेका माज्या वळखीचा हाय की!" आण्णा म्हणाले. "ही तर मैदानातली हलगी!" आणि त्यांनी पुढची प्लॅस्टिकची खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली. त्यानंतर त्या खुर्चीतून जो आवाज निघाला तो खुर्ची बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. रशिदाबी मान डोलावत होत्या. मागची पोरंही पुढे धावली. त्यांना शब्द येत नव्हते, पण 'दणका' कुठे येतो ते चटकन समजलं.

गाणं एकदा पुरं झालं, मग दुसऱ्यांदा झालं, मग भुंग्याला राहवलं नाही म्हणून तिसऱ्यांदा झालं. तोवर सम्राट लालबुंद होऊन विश्वंभररावांपर्यंत पोचला होता.

"तुमीच सुरू केलंसा. मी बघितलंय. मदतनिसानं फक्त मदत करायची असती. माफी लिहून द्या, न्हाईतर तुमचं नाव मी वर कळवतो." त्याने कागद आणि पेन पुढे केलं.

विश्वंभररावांनी आजवर समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली होती. कुठे करायची एवढंच ते विचारत. हात सवयीने पेनाकडे गेलाही. मग तो त्यांनी परत घेतला आणि खिशात घातला. पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून दुसराही घातला.

"कळवा," ते म्हणाले. "विश्वंभर कदम. अठ्ठेचाळीस. मधला."

"मग बाहेर कसं जातासा बघतो."

"आन् आमी कसं जातो ते बघ," आण्णा म्हणाले, आणि मांडीवरची खुर्ची बाजूला ठेवून आपल्या खुर्चीत रेलून बसले. "मदतनीस सोडल्याबिगार आमाला उठाय येत न्हाई. ज्येष्ठ हाय आमी."

रशिदाबींनी खुर्चीच्या चाकाला ब्रेक लावला. तो कसा लावायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग डॉक्टराचा पेशंट बसला. शेजारचे आजोबा बसले. अनोळखी आजी म्हणाल्या, "माझी ही पोरगी हाय, तिला सोडून मी जात न्हाई." एकामागून एक पुढच्या तिन्ही रांगा घट्ट बसल्या.

दाराशी मंडपवाले साटीनची कव्हरं घेऊन खोळंबले होते. त्यांच्यामागे फेटा बांधलेले एक गृहस्थ, नवरीचे वडील, घाम पुसत आत आले. "अहो, पाहुणं गाडीतनं उतरायला लागल्यात! ही कोण माणसं? आमच्याकडची की मुलाकडची?"

"मुलाकडची न्हवं, जावयाकडची," आण्णा म्हणाले.

नवरीच्या वडिलांनी सम्राटकडे असं पाहिलं, की गॉगल घसरून अखेर त्याच्या डोळ्यांवर आला. दोन मिनिटांत कागद खिशात गेला, पेन गेलं, आणि "बरं, जावा, जावा सगळीजणं," असा आदेश निघाला. ज्येष्ठ उठले. उठायला त्यांनी अगदी भरपूर वेळ घेतला.

गौसने त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं. त्याने दोघांना मिठी मारली आणि खुर्ची सकाळी आणून देतो म्हणाला, कारण वाटेत घरी सोडलेल्या रशिदाबी काही तीतून उठायला तयार नव्हत्या. दिवे नुकतेच लागले होते. क्लासेस भरलेले होते, दवाखान्यांपुढे चपला होत्या. सासरा-जावई चालत निघाले. विश्वंभरराव डावा-उजवा कसलाही विचार न करता चालत होते.

"पावणं," आण्णा म्हणाले.

"जी."

आता ते 'कसं काय' म्हणतील म्हणून 'बरं आहे' विश्वंभररावांच्या जिभेवर तयार होतं. पण आण्णा म्हणाले, "ते जे म्हनलासा ते पुन्ना म्हना बगू. पयल्यापासनं."

"इथे? रस्त्यात?"

"मग काय देव्हाऱ्यात?"

विश्वंभररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सुरुवात केली.

"ऐकू ईना."

त्यांनी आवाज चढवला. आण्णांनी वाटेतल्या एका दुकानाच्या शटरवर ठेका धरला. वर गॅलरीत हंबीरराव आले, तानाबाई आल्या, विठाबाई पदर सावरत आल्या आणि त्यांच्यामागून संयोगिता आली. तिने कपाळावर हात मारला, पण आत गेली नाही. पुढच्या क्लासची खिडकी खाडकन उघडली आणि खडू घेतलेले एक सर बाहेर डोकावले.

"कोण हाय ते? हितं पोरांची परीक्षा चालल्या! वय काय, वागणं काय!"

विश्वंभरराव गप्प झाले. आण्णांनी शटरवरचा हात काढला, तो जावयाच्या खांद्यावर ठेवला आणि मान वर केली.

"आमचं जावई हाईत. काय म्हननं हाय?"

सरांच्या मागे खिडकीत पोरांची डोकी गोळा झाली होती. विश्वंभररावांनी घसा खाकरला आणि दुसरं कडवं पहिल्यापेक्षा मोठ्याने सुरू केलं.